शनीचं पाणी

विश्वाच्या जन्माची मालिका सुरू व्हायला अजून वेळ होता, तरी दोरिंगच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गावात टीव्ही तिचाच. त्या जुन्या लाकडी खोक्याच्या डोक्यावर विहिरीच्या गार पाण्याचे ग्लास दाटीने मांडले होते. प्रार्थना ऐकताना रेडिओवर पाण्याचा ग्लास ठेवून ते पाणी औषध म्हणून प्यायची सवय गावाला होतीच. गावाला औषधपाणी देणाऱ्या तातय सिमोने, म्हणजे सिमोबाबाने, प्रार्थनेच्या जागी आकाशगंगा बसवली, एवढंच.

"मालिकेतच सांगितलं ना, रक्तातलं लोखंड ताऱ्यांत तयार झालं म्हणून?" आवाज बंद करून पडद्यावर कापड टाकत सिमो म्हणायचा. "मग गोळ्या कशाला? ताऱ्याचं तेज प्या! उघड्या डोळ्यांना ते सोसत नाही, म्हणून हे कापड."

थोड्या वेळाने पाण्यात बुडबुडे धरायचे, पाणी कोमट व्हायचं आणि लोक छातीवर क्रुसाची खूण करायचे. दोरिंगचा नवरा ओस्योंग क्षयाच्या गोळ्या फळीवर टाकून महिनाभर हेच पाणी पीत होता. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. दोरिंगने भांडून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी तिने नणंदेला निरोप धाडला.

नणंद लुमिंग शाळेत शिकवायची. त्या गुरुवारी सिमो यायच्या आधीच तिने पडद्यावर कापड टाकून ठेवलं.

"वा, तयारी आहे!" सिमो खूश झाला. बुडबुडे दिसताच त्याने हात उंचावले. "शनी उतरला! कडी बघा, कडी!"

लुमिंगने कापड ओढलं. तिने आधीच दुसरी वाहिनी लावून ठेवली होती; पडद्यावर दोन मुष्टियोद्धे एकमेकांची नाकं फोडत होते.

"यातला शनी कुठला?" मागून कोणीतरी विचारलं.

"निळ्या चड्डीवाला," लुमिंग म्हणाली. "अरे, टीव्हीच्या आतल्या काचेच्या नळ्या तापतात. गार पाणी तापलं की त्यातली हवा बुडबुडे होऊन सुटते. चुलीवर ठेवून बघा."

"मुष्टियोद्धेही विश्वाचाच भाग आहेत," सिमो म्हणाला आणि चपला शोधू लागला.

ओस्योंगला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, तो थांबेचना. रुमालावर रक्त दिसलं तेव्हा घरात कोणी हसत नव्हतं.

"दादा, मालिका खोटं सांगत नाही," लुमिंग म्हणाली. "लोखंड ताऱ्यांतलंच. पण तुझ्या छातीतले जंतू ताऱ्यांना भीत नाहीत, औषधाला भितात. कोणी काही सांगितलं तर आधी तपासून बघावं रे, मग पोटात घालावं."

दोरिंगने फळीवरची गोळ्यांची पुडी काढून झग्याच्या टोकाने पुसली आणि टीव्हीवरचा एक ग्लास उचलला.

"उद्या दवाखान्यात जायचंय. आजची गोळी आत्ता घ्या," ती म्हणाली. "पाणी कोमट आहे, गिळायला बरं पडेल."