दार वाजवणारी माणसं

दार वाजलं तेव्हा फिलोमीन मासे चिरत होती. सुरी हातात तशीच धरून ती जागच्या जागी थांबली.

उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या, तलावाकाठच्या त्या क्री आदिवासींच्या वस्तीत कुणी कुणाचं दार वाजवत नाही. येणारा सरळ दार ढकलून आत येतो, बूट काढतो, शेगडीवरच्या किटलीतला चहा ओतून घेतो आणि मग काय काम काढलं ते सांगतो. दार वाजवतात ते पोलीस, नाहीतर पोरं न्यायला आलेली सरकारी माणसं. म्हणून टकटक ऐकल्याबरोबर सात वर्षांची शायला धाकट्या केडेनचा हात धरून पलंगाखाली शिरली. ते तिला आजीनेच शिकवलं होतं.

फिलोमीनने खिडकीच्या फडक्याआडून पाहिलं. अंगणात पांढरी गाडी उभी होती.

"कोन हाय?"

"मी हाय मावशी. जॉलीन. बर्थाची."

"बर्थाची हायस, तर दार कशापायी वाजीवतीस?"

"हापिसातनं सांगितलंय तसं. वाजवूनच आत जायचं म्हनून."

"मग हापिसातच जा."

जॉलीन तिच्या चुलतबहिणीची पोर. हिच्याच दारात खेळून मोठी झालेली. शहरात शिकून आली आणि वस्तीने पोराबाळांसाठी स्वतःचं कार्यालय काढलं त्यात लागली. ती हलली नाही. दाराबाहेरूनच बोलत राहिली.

"मावशी, आता नेम बदललाय. पोरं घरातच ऱ्हावी म्हनून सरकार पैसं देनार हाय. तुज्या शेगडीम्होरली भुईची फळी कुजलीय न्हवं? ती बदलून मिळंल. फकस्त एकदा आत येऊन बघाय लागंल."

"पैसं आलं?"

"मंजूर झाल्यात. यायचं हायेत."

"आलं की ये. फळी कुठं पळून जात न्हाय."

गाडी गेली, पण फिलोमीनचं मन काही थाऱ्यावर येईना. आधी फळी बघतील, मग पोरं कुठं झोपतात ते बघतील, मग फ्रिज उघडतील. तिच्या मार्सेलच्या वेळी असंच झालं होतं. छप्पर गळतं म्हणून तीन वर्षांचं पोर उचलून दक्षिणेत परक्या घरी दिलं. त्या घराला त्याच्या पोषणाचे पैसे महिन्याच्या महिन्याला पोचायचे, आणि हिला छपरावर टाकायला एक पत्रा कुणी दिला नाही. मार्सेल मोठा होऊन एकदा भेटायला आला, तेव्हा त्याला आईची भाषा येत नव्हती. समोरासमोर बसून दोघांनी नुसता चहा प्यायला.

आता लेक लोर्ना मूत्रपिंडाच्या दुखण्यानं शहरात, रक्त धुवायच्या यंत्राला बांधलेली. तिची ही दोन पोरं आजीजवळ. ही मात्र जाऊ द्यायची नाहीत, एवढं एकच फिलोमीनने धरून ठेवलं होतं.

तलाव गोठायला आला होता. पहिल्यांदा काठ बर्फ धरतो, मग पाणी जाड होतं, आणि मग असे काही दिवस येतात की होडी चालत नाही आणि बर्फ माणसाला पेलत नाही. त्या दिवसांत बेटावरच्या माणसाला कुणाचा हात लागत नाही. फिलोमीनला तेच हवं होतं.

सकाळी तिने होडीत पीठ, चहा, जाळं आणि दोन्ही पोरं घातली. शेजारचा ओव्हिड, तिचा दीर, काठावर लाकडं फोडत होता.

"वयनी, अशात कुठं गं?"

"बेटावर. मासं धराय."

"आनि शायलाची शाळा?"

"शाळंत मासं न्हाईत."

"त्या पांढऱ्या गाडीला भिऊन पळतीयास व्हय?"

"भाऊजी, तुमी लाकडं फोडा."

बेटावरच्या खोपटात पहिले दिवस मजेत गेले. तलाव मिटत आला तशी फिलोमीनच्या चेहऱ्यावरची आठी सुटली. ती पोरांना तव्यावरची जाड भाकरी करून घाली, वर माशाचं तेल, आणि खुशाल मोठ्याने हसे. सरकारचं चाक काही पाण्यावरून येत नाही, असं ती केडेनला दोनदा सांगून चुकली होती.

मग एका सकाळी पाण्याला जाताना गोठलेल्या दगडावरून तिचा पाय सटकला. घोट्यातून कट्ट असा आवाज झाला. शायलाच्या खांद्याचा आधार घेत ती कशीबशी खोपटापर्यंत सरपटत आली. पाय फुगून बुटात मावेना. लाकडं बाहेर होती, फोडायची होती, आणि घरात धडधाकट अशी दोन माणसं, एक सात वर्षांचं आणि एक चार.

शेवटी तिने खोपटातल्या वायरलेसचं बटण दाबलं. वस्तीत प्रत्येक स्वयंपाकघरात तो डबा चालू असतो. एकाशी बोललं की सगळ्यांनी ऐकलंच.

ओव्हिडने आरोग्य केंद्रात धाव घेतली. थोड्या वेळाने डब्यातून आवाज आला तो जॉलीनचा.

"मावशी, हेलिकॉप्टर येतंय. पर त्यात फकस्त आजारी मानूस बसतं. पोरांस्नी जागा न्हाय."

"जागा न्हाय का बसवत न्हाईत?"

"जागा हाय. पैसं न्हाईत. आजाऱ्याचं पैसं येगळं, पोरांचं येगळं."

"मग तुजं ते पोरं घरात ऱ्हावी म्हनून आल्यालं पैसं काडा की."

"ते अजून आलं न्हाईत. एक वाट हाय. पोरं आमी ताब्यात घेतली असं म्या फोनवर सांगितलं, तर त्येंच्या जागंचं पैसं आत्ता मिळत्यात. लगोलग."

डब्यात खरखर ऐकू येत राहिली. साऱ्या वस्तीने ते ऐकलं असणार.

"आत्ता मिळत्यात," फिलोमीन म्हणाली.

"व्हय."

"फळीला न्हाईत. पोरं उचलायला हायेत."

"मावशी, नुसतं म्हनायचं. मागनं म्या—"

"मार्सेलच्या येळीबी मागनं बघू म्हनलं व्हतं. न्हाय म्हंजी न्हाय. त्या हेलिकॉप्टराला सांग, म्हातारी पाय गळ्यात बांधून बसंल, पर येनार न्हाय."

तिने डबा बंद केला. आपण पोरांना कुठं आणून ठेवलं, या विचाराने तिला रडू आलं. शायलाने पाहू नये म्हणून तिने तोंड भिंतीकडे केलं. मग उठून बसली आणि पोरीला लहान कुऱ्हाड कशी धरायची ते शिकवू लागली.

दिवस कलायच्या आत बाहेर बर्फ फुटल्याचा आवाज आला. ठोके, घासणं, माणसांच्या शिव्या. फिलोमीनने पोरांना जवळ ओढलं.

दार वाजलं नाही. ते धाडकन उघडलं आणि जॉलीन आत आली, गुडघ्यापर्यंत भिजलेली. तिने बूट काढले, कोपऱ्यात ठेवले आणि किटलीतला चहा ओतून घेतला.

"फोन केलास?" फिलोमीनने विचारलं.

"न्हाय."

"खरं?"

"मग या होडीतनं कशाला आले असते? हेलिकॉप्टरातनं आले नसते का?"

मागून ओव्हिड आला. जुनी रीत, एक पाय होडीत आणि एक बर्फावर. बर्फ पेलेल तिथं ढकलायचं, फुटला की आत बसायचं. "वयनी, हिला येऊ नगं म्हनलं तर ऐकंना. दोनदा पान्यात पडली. शहरात फकस्त दार वाजवायला शिकिवलं वाटतं."

फिलोमीनने आपल्या लोकरी मोज्यांची जोडी जॉलीनकडे फेकली.

दुसऱ्या दिवशी उजेडात सगळी त्याच वाटेने परत आली. आजाऱ्याचं विमान वस्तीच्या धावपट्टीवर उभं होतं, आणि परत तोच प्रश्न. पोरांचं काय?

"म्या बघते त्येंच्याकडं," जॉलीन म्हणाली.

"कुठं? तुज्या घरला न्हेऊन?"

"तुज्या घरात. म्या तिथं ऱ्हाईन. पोरं हलनार न्हाईत."

"त्येचं पैसं कोन देतंय तुला?"

"कुनी न्हाय. रजा टाकलीय."

एवढं ऐकूनही फिलोमीन स्ट्रेचरवरून मान वळवून तिच्याकडे पाहत राहिली. विमानाचं दार लागेपर्यंत तिची नजर हटली नाही.

पाय जोडायला वेळ लागला. इस्पितळात तिच्या कानावर बातम्या येत होत्या. बेटावर होडी नेल्याच्या पेट्रोलचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे ते कुणाला सापडलं नव्हतं. फळीचे पैसे अजून यायचे होते. आणि शहरातल्या वरच्या साहेबांनी कळवलं होतं की आजी इस्पितळात, आई इस्पितळात, म्हणजे पोरं निराधार. त्यांना शहरातल्या एका घरी पाठवा, खर्च लगेच मंजूर आहे, गाडी येईल. शेवटची बातमी ऐकल्यावर ती डॉक्टरच्या मागेच लागली. कुबड्या घेऊन मिळेल त्या विमानाने निघाली, कुणाला कळवायलाही थांबली नाही.

ओव्हिड धावपट्टीवर भेटला, पण पोरांचं काय झालं ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. "परवाच्यानं जॉलीननं दाराला कडी घातलीय," एवढंच तो म्हणाला. फिलोमीन कुबड्या टेकत भराभर निघाली. कडी कशाला? आत कोण आहे? का आत कुणीच नाही?

अंगणात गाडी नव्हती. धुराड्यातून धूर मात्र येत होता. तिने दार ढकललं, उघडेना. एका कुबडीवर तोल धरून तिने दुसरीने दार वाजवलं.

आत काहीतरी सरपटलं आणि एकदम सगळं शांत झालं. तिने पुन्हा वाजवलं. ओ नाही. दिवा विझला. खिडकीचं फडकं मात्र कुणी हलवलं नाही, पुन्हा काहीतरी सरपटलं.

फिलोमीन हळूच वाकली आणि दाराच्या फटीला डोळा लावला. शेगडीतल्या विस्तवाच्या उजेडात पलंगाखाली चार मोजे दिसत होते, दोन शायलाचे, दोन केडेनचे. आणि त्यांच्या शेजारी, पोरांना पाठीशी घालून, जमिनीला गाल टेकलेली जॉलीन. तिचे पाय पलंगाखाली मावत नव्हते. ते कुजक्या फळीपर्यंत बाहेर आले होते आणि त्यांत फिलोमीनचे लोकरी मोजे होते.

किती दिवसांनी तिला मोकळं वाटलं. आपल्याच दाराबाहेर थंडीत ती कुबड्यांवर उभी राहिली आणि घाई न करता जरा वेळ तशीच थांबली.

"उघड गं," मग ती म्हणाली. "मी हाय."