शिपाई, मालकीण आणि माझा थोरला भाऊ

वाचकहो, श्वान व मार्जार या दोन पाळीव प्राण्यांच्या स्वभावांत कोणता भेद आहे, हे मी माझ्या अल्पमतीप्रमाणे प्रस्तुत कथेत निवेदन करणार आहे. हा विषय पुष्कळांनी हसतखेळत मांडला असेल. मला ते जमणार नाही, कारण एके दिवशी या भेदावर माझ्या थोरल्या भावाचा जीव टांगलेला होता. सबब मी सर्व हकीकत क्रमाने सांगतो.

आम्ही दोघे भाऊ इस्त्रीचे दुकान चालवीत होतो. दुकानाच्या पुढच्या भागात टेबल व शटर, मागच्या भागात आमचा संसार आणि त्याच्याही मागे बोळात उघडणारे एक लाकडी दार, एवढीच आमची मालमत्ता होती आणि तीही भाड्याची. दादा अविवाहित राहिला. माझे लग्न त्यानेच लावून दिले. गिऱ्हाइके त्याला थोरला व मला धाकटा म्हणत, आणि केस पांढरे झाले तरी मी धाकटाच राहिलो.

माझ्याकडे एक कुत्रा होता व दादाकडे एक मांजर होती. यांची नावे आमच्या भांडणातूनच पडली.

"तुझा कुत्रा म्हणजे अगदी शिपाई बघ," दादा म्हणे. "साहेब उठला की हा उठला, साहेब बसला की हा बसला. स्वतःचं म्हणून काही मत आहे का त्याला?"

"आणि तुझी मांजर? दिवसभर गठ्ठ्यावर लोळायचं आणि वर आपल्यालाच डोळे वटारायचे. मालकीणच ती दुकानाची!"

"आहेच मुळी. आपण दोघं भाडेकरू."

यावर माझी पत्नी आतून म्हणे, "एकाला शिपाई मिळाला, एकाला मालकीण मिळाली. माझ्या वाट्याला काय, तर कपड्यांवरचे केस झाडायचं काम!"

हा विनोद बाजूला ठेवून पाहिले असता दोहोंचा स्वभाव खरोखरच भिन्न होता. शिपायाला रागावले तर तो पोट वर करून क्षमा मागे. मालकिणीला रागावले तर ती पंजा चाटीत बसे, जणू बोलणारा दुसऱ्याच कोणाशी बोलत आहे. शिपायाला झोपायला माझ्या चपला पुरत. मालकिणीला मात्र नुकतीच इस्त्री केलेल्या कपड्यांचा ऊन गठ्ठा लागे. गठ्ठा निवला की ती उठून दुसऱ्या गठ्ठ्यावर जाई. थंड वस्तूवर बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. शिपायाला ताप आला तेव्हा तो माझ्या पायांशी येऊन कण्हला. मालकीण आजारी पडली तेव्हा ती कोळशाच्या पोत्यामागे दडली आणि बरी झाल्यावरच बाहेर आली.

तिला येण्याजाण्यासाठी दादाने करवत घेऊन मागच्या दाराला जमिनीलगत एक भोक पाडले. मी कडाडून विरोध केला.

"अरे, दार आहे का गाळणी?"

"ती दार ठोठावणार नाही धाकट्या. तिला मान आहे."

पुढे त्या भोकाचा दादाने स्वतःसाठीही उपयोग केला. तो किल्ली विसरला की बोळात ओणवा होई, त्या भोकातून आपला बारीक हात आत घाली आणि खालची कडी सरकवी. माझा हात जाड, तो मनगटाच्या पुढे जात नसे.

किल्ली विसरण्याचे प्रसंग वाढत गेले, पण त्याचा अर्थ आम्हांला समजला नाही, कारण दादाने तो समजू दिला नाही. कोणता शर्ट कोणाचा हे आठवेनासे झाले की तो म्हणे, "तू बघ रे, माझा चष्मा सापडत नाही." चष्मा त्याच्या खिशातच असे. मालकीण जशी पोत्यामागे दडली, तसा माझा भाऊ आपल्या विसरण्यामागे दडून राहिला. तो बाहेर आला तेव्हा फार उशीर झाला होता आणि डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी आणखी एक बजावले, की याची छाती नाजूक झाली आहे, याला गारठा व धूर यांपासून जपा.

अशातच जागेच्या धन्याने दुकान विकले. शहराच्या दुसऱ्या टोकाला आम्ही वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. तेथे विजेची इस्त्री होती, म्हणून कोळशाची जड इस्त्री आणि उरलेला कोळसा आम्ही जुन्या दुकानातच टाकून आलो. शिपायाने नव्या खोलीत माझ्या चपला हुंगल्या व तो झोपी गेला. त्याचे स्थलांतर तेवढ्यावर आटोपले. मालकिणीला झाकणाच्या टोपलीतून आणावे लागले. ती कपाटाखाली शिरली आणि सकाळी खिडकीतून नाहीशी झाली.

"ती घरी गेली," दादा म्हणाला.

"दादा, आता हेच आपलं घर."

"तुझं असेल," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

यानंतर तो दिवस उजाडला. हवेत असा गारठा होता की दोरीवरचे कपडे पुठ्ठ्यासारखे कडक होत होते. मी शिपायाला घेऊन कपडे पोचवायला गेलो होतो व पत्नी गच्चीवर होती. परत येऊन पाहतो तो दादाची खाट रिकामी! त्याच्या चपला नव्हत्या. स्वेटर मात्र खुंटीवर लटकत होता.

रस्ता ठाऊक नसलेला, छातीने दुबळा असा माझा भाऊ नुसत्या शर्टावर बाहेर पडला होता. आम्ही जिने पाहिले, गल्ल्या पाहिल्या, दारे ठोठावली. कोणी म्हणे इकडे गेला, कोणी म्हणे तिकडे गेला. शेवटी कोणी तरी म्हणाले, "अहो, कुत्रा आहे ना तुमच्याकडे? त्याला वास द्या."

मला ही सूचना देवाने पाठवल्यासारखी वाटली. मी दादाचा शर्ट आणून शिपायाच्या नाकाशी धरला. "शोध बाळा, दादाला शोध!" शिपायाने शर्ट मनापासून हुंगला. तो जिन्यापर्यंत गेला, गोल फिरला, परत आला आणि माझ्या गुडघ्याला नाक लावून शेपटी हलवू लागला. मी त्याला पुन्हा शर्ट दिला. तो पुन्हा माझ्याकडेच आला. मी उशीचा अभ्रा दिला. तरी तेच!

"त्याला वाटतंय तुम्हीच हरवलाय!" जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला आणि काही जण हसले.

मी चप्पल उगारली. शिपायाने पोट वर केले. पत्नीने माझा हात धरला.

"मारू नका त्याला. त्याने बरोबर शोधलंय."

"काय बरोबर?"

"भाऊजींचा वास आहेच कुठं यावर? मी धुतला, मी खळ घातली, तुम्ही इस्त्री केली. घरातल्या प्रत्येक कपड्यावर तुमचा हात फिरलाय. तो तुम्हालाच शोधणार."

वाचकहो, आमच्या घरात मळका कपडा संध्याकाळ पाहत नाही, ही आमची प्रौढी होती. लोकांचे कपडे निर्मळ करणाऱ्याने स्वतः मळके राहू नये, हे दादानेच मला शिकवले. त्या क्षणी मी सबंध घर उपसले. टॉवेल, चादर, रुमाल, सर्व स्वच्छ, सर्व कडक; खुंटीवरचा स्वेटरही कालच धुतलेला. माझ्या भावाच्या घरात माझ्या भावाचा वास कोठेही शिल्लक नव्हता. मी त्या ढिगात बसून मोठ्याने रडलो.

पोलिसांनी विचारले, अंगावर काय आहे? मी म्हणालो, पांढरा शर्ट, इस्त्रीचा. ते म्हणाले, असे तर पुष्कळ फिरतात. इस्पितळात पाहिले, बसथांब्यावर पाहिले. जुने दुकान मी शेवटी ठेवले होते, कारण एवढे अंतर त्याला आठवणे मला अशक्य वाटत होते. दिवस कलताना आम्ही तेथे पोचलो. शटरवर नव्या मालकाचे भले मोठे कुलूप होते. समोर चावीवाला बसला होता.

"थोरला? छे! आला असता तर दिसला नसता का मला? सकाळपासून जागचा हललो नाही मी. तुमची ती मांजर मात्र रोज असते हं. नव्या मालकाने पाणी मारलं तिच्यावर, तरी जात नाही. काय चिवट जात आहे!"

येथे माझी शेवटची आशा संपली. मी शटरच्या पायरीवर बसलो. पायरी बर्फासारखी होती. शिपाई माझ्या पायांशी बसला आणि मी उसासा टाकला की तोही टाकू लागला. इतक्यात बोळाच्या बाजूने मालकीण आली. शिपाई मला सोडून क्षणभरही गेला नव्हता आणि ही इतक्या दिवसांनी भेटून माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्या मांडीवरून ती अशी चालत गेली, जणू मी बाकडे होतो. मला संताप आला. तिला ढकलण्यासाठी मी तिच्या पोटाखाली हात घातला.

तिचे पोट ऊन होते.

अंगाची ऊब मला कळते. ही ती नव्हती. जन्मभर मी या मांजरीला गठ्ठ्यांवरून उचलून खाली ठेवले आहे. आत्ताच इस्त्री फिरलेल्या गठ्ठ्यावरून उठलेल्या मांजरीचे पोट कसे लागते, हे माझ्या तळव्याला पाठ होते. मी तिच्या केसांत नाक खुपसले. कोळसा!

"आत आहे तो!" मी ओरडलो. "आत इस्त्री पेटवलीय! शटर बंद आहे!"

कोळशाची इस्त्री आम्ही कधीही दारे लावून पेटवली नाही. बंद खोलीत तो धूर माणसाला खोकूही न देता झोपवतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. मी बोळात धावलो. मागचे दार आतून लावलेले होते आणि त्या भोकातून एक बारीकशी निळसर रेघ बाहेर येत होती. "दादा! ए दादा!" मी भोकात हात घातला. तो मनगटाशी अडकला. मी ढकलला, सालटे निघाले, पण हात पुढे जाईना. मी दारावर डोके आपटू लागलो.

"सरका!" पत्नी म्हणाली. ती चिखलात आडवी झाली आणि तिने कोपरापर्यंत हात आत घातला. "कडी हाताला लागत नाहीये... काहीतरी मऊ आहे इथं... अहो, माणूस आहे! पाठ आहे भाऊजींची!" मग कडी सरकल्याचा आवाज झाला.

दादा दाराला पाठ लावून भोकाशी जमिनीवर कलंडलेला होता. भोकातून येणारा वारा त्याच्या मानेवर पडत होता. ज्या भोकासाठी मी त्याच्याशी भांडलो, त्यानेच त्याला जिवंत ठेवले होते. टेबलावर जुनी वर्तमानपत्रे घडी घालून, इस्त्री करून, कडेला कड लावून रचली होती आणि वरच्या घडीत मांजराएवढा खळगा पडला होता.

मी त्याला ओढून बोळात आणले. तो खोकला, त्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिले.

"दुकान बंद आहे. उद्या या."

"दादा, मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

"मी धाकटा!"

तो हसला. "धाकटा एवढा म्हातारा नाही हो. डोक्याने काळाभोर आहे अजून. कपडे पोचवायला गेलाय, येईल एवढ्यात." मी त्याचा दंड धरला तेव्हा त्याने तो सोडवून घेतला. "अंगाला हात नका लावू, साहेब. दुकान टाकून मी येणार नाही. भाऊ आला आणि मी नसलो तर तो घाबरतो."

शिपायाने त्याचे हात चाटले. मी पाया पडलो, दटावले, लहानपणीची हाक मारली. तो दाराची चौकट धरून बसला. त्याचे ओठ गारठ्याने निळे पडत होते. सापडलेला भाऊ माझ्या डोळ्यांदेखत हरवत होता.

तेव्हा माझी पत्नी आत गेली. तिने ती वर्तमानपत्रे फडक्यात बांधली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो इस्त्रीवाले, आमचे कपडे कधी पोचणार? सकाळपासून वाट बघतेय मी!"

दादा ताडकन उठला. "रागावू नका बाई. आलोच." त्याने आत जाऊन निखाऱ्यांवर पाणी ओतले, इस्त्री उभी करून ठेवली, गठ्ठा उचलला. मी हात पुढे केला तर म्हणाला, "नको. आमचे कपडे आम्हीच पोचवतो." उंबऱ्यात मालकीण बसली होती. "लक्ष ठेव गं," असे तिला सांगून तो निघाला. ती आली नाही. पत्नी पुढे, तिच्यामागे दादा, त्याच्यामागे मी आणि माझ्यामागे शिपाई, अशी आमची वरात बसपर्यंत गेली.

घरी पत्नीने त्याला स्वेटर घातला, गरम दूध दिले. "गिऱ्हाइकाकडचं काही घेत नाही आम्ही," असे म्हणत तो ते सर्व प्याला. हळूहळू ओठांवर रंग आला. त्याने खोलीभर नजर फिरवली. स्वतःच्या खाटेवरूनही ती तशीच पुढे गेली.

"घर छान आहे हो तुमचं," तो उठत म्हणाला. "चला, निघतो. माझा भाऊ वाट बघत असेल."

मी दारात उभा होतो. वाट अडवली असती तर तो बिथरला असता.

"बसा थोडं," मी म्हणालो. "तुमचा भाऊ इकडेच यायचाय."

"इकडेच? असं म्हणाला तो?"

"हो."

"मग थांबतो," तो म्हणाला आणि खाटेच्या कडेवर बसला. मी त्याच्या पायांशी जमिनीवर बसलो, शिपाई माझ्या पायांशी बसला आणि आम्ही सगळे दाराकडे पाहत राहिलो.

ज्या वाचकांनी हे लिखाण शेवटपर्यंत वाचले, त्यांचा मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे. भाषेत काही उणे असल्यास सांभाळून घ्यावे.

आपला नम्र,
थोरल्याचा धाकटा, इस्त्रीवाला