कलिंगडाचा सदरा

हे मी लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी चनफेंगमावशीच म्हणाली, "लिही. पण रडकं लिहिलंस तर माझं नाव काढ त्यातून."

तर त्या सकाळी चनफेंग निळीच्या मडक्यापाशी उकिडवी बसली होती, आणि मडकं पळून गेलं होतं.

आमच्या साकोन नाखोनकडे, थायलंडच्या या ईशान्य कोपऱ्यात, नीळ मेली असं कुणी म्हणत नाही. रुसली की ती पळते. आदल्या दिवशी वर जांभळा फेस होता. आता नुसतं राखाडी पाणी, वाससुद्धा नाही. मडकं तिच्या आईनं लावलेलं. मयताचा वास लागला तर ते कायमचं जातं म्हणून आईच्या अंत्यविधीलाही चनफेंग रस्त्यावर लांब उभी राहिली होती. आईनंच तसं बजावलं होतं.

शेजारची दुआंग कुंपणावरून डोकावली. "लाल कापड बुडवलंस ना त्यात? सवत आणल्यावर कुठली बाई नांदेल?"

बुडवलं होतं खरं. लाखेच्या लाल, आंबट पाण्यातून काढलेला गुलाबी सदरा तिनं न खळबळताच निळीत घातला होता. घाई झाली होती.

घाई ख्वानतासाठी होती. दोघी एका तळ्यात पोहायला शिकलेल्या. ख्वानतानं जन्मभर हमरस्त्याच्या कडेला कलिंगडं विकली. आता पोटात गाठ, डॉक्टरांनी घरी पाठवलेलं. शेवटचा, गेल्यावर अंगावर घालायला म्हणून लेकीनं छान निळा सदरा आणला, तो तिनं परत धाडला. निळं पुष्कळ घातलं म्हणाली, आता कलिंगड पाहिजे. बाहेर हिरवं, मग पांढरी कड, आत गुलाबी.

गावात कुणी असला सदरा रंगवला नव्हता. आमच्याकडे निळ्यावर फार तर आणखी निळं.

चनफेंगनं आधी मडक्याची मनधरणी केली. राखेचं पाणी, चुना, तांदळाच्या दारूचा पेला. रोज सकाळी ढवळायची आणि त्याच्याशी बोलत बसायची.

"नवऱ्याची एवढी मिनतवारी केली असतीस तर तो बँकॉकहून परत आला असता," दुआंग म्हणाली.

"नवरा रंग कुठे देत होता?"

फेस परतला. या वेळी तिनं क्रम उलटा केला. आधी नीळ. मग तळ्यावर पाणी नितळ होईपर्यंत धुणं. मग फणसाच्या लाकडाचा पिवळा, म्हणजे निळ्याचं हिरवं होतं. लाख सगळ्यात शेवटी, मडक्यापासून लांब, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. पांढऱ्या कडेसाठी कापड केळीच्या दोऱ्यानं आवळून बांधायचं. पहिल्या सदऱ्यात गुलाबी दोऱ्याखाली शिरलं आणि सगळं वांग्याच्या भरितासारखं झालं. दुसऱ्यात कडच गेली. दुआंगनं ते सदरे वाळत घातलेले पाहिले आणि विचारलं, माकडाला शिवतेयस का. चनफेंगनं दोरा दातात धरला, नखं तुटेस्तोवर आवळला.

पुढचा सदरा सोडला तेव्हा कड जरा वाकडी आली होती, पण पांढरी होती.

ख्वानतानं तो पोटावर पसरला. गुलाबीवर बोट फिरवलं. "कच्चं निघालं गं. मी लालभडक म्हणून खपवलं असतं."

"बिया घालायच्या राहिल्या."

"बरंच झालं. बियांवरून गिऱ्हाइकं फार कटकट करायची."

हसताना तिला कळ आली. चनफेंगनं तिची पाठ धरली. कळ ओसरल्यावर ख्वानतानं हळूच विचारलं, ती गेल्यावर तिच्या अंगात हा सदरा घालणार कोण. लेक भित्री आहे, तिला गुंड्या लावायच्या सुधरणार नाहीत. मग स्वतःच म्हणाली, जाऊ दे, दुआंगला सांगते.

चनफेंग सदऱ्याची घडी घालत होती. हिरवी बाही आत, गुलाबी वर. घडी मोडून तिनं पुन्हा घातली.

"दुआंग तुला माकड म्हणेल. मी घालीन."

"आणि मडकं? तुझ्या आईचं आहे ते."

"पळालं तर पळू दे. लावायला आईनंच शिकवलंय, दुसरं लावीन." तिनं घडी ख्वानताच्या उशाशी ठेवली. "मी लांब उभी राहणार नाही. गुंड्या मीच लावीन, गळ्यापर्यंत."