ताईला लांब व्हायचंय

परळच्या चाळीत आजी बाळाला तेल चोळत होती. "तुझ्या बाबाला असंच चोळलं, तर आठवड्यात त्याचे पाय गॅलरीबाहेर! बाया त्यांवर साड्या वाळत घालायच्या," तिने सहा वर्षांच्या ऋजुताला ठोकून दिलं.

ऋजुता हादरली. बाळ आपल्यापेक्षा लांब झालं, तर ताई कोण? तिने वाटीतलं उरलेलं तेल स्वतःला फासलं आणि धाकट्या मैत्रेयीला म्हणाली, "ओढ गं माझे पाय!"

मैत्रेयीने जीव खाऊन ओढलं, तशी ऋजुता लादीवरून सुळकन घसरत थेट शेजारच्या सावंतकाकूंच्या ओट्याखाली.

"काकू, मी लांब झाले?"

"नाय गो बाय, नुसती तेलकट झालीस. माझी ताई माझ्या खांद्याला लागते, तरी मलाच दम देते."

ऋजुता तडक घरी आली. "ए बाळा, कितीही वाढ, पण माझ्यापुढे आवाज नाही करायचा!"

बाळाने भोकाड पसरलं.