फोटोतला पदर

तामलवाडीच्या कुमारनं फोटोच्या धंद्यासाठी दीड लाखाचा कॅमेरा घेतला, तेव्हा पुढं शिंपीकाम करावं लागेल असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या सिताबाई नातवाच्या बारशातला आपला आणि सुनेचा फोटो घेऊन दुकानात आल्या. "सुनेच्या डोईवर पदर न्हाय. घाल." कुमारनं कॉम्प्युटरवर तासभर काठाला काठ जुळवून पदर घातला.

दुसऱ्या दिवशी सून दीपाली हजर. "दादा, हे काय चढवलं माझ्या डोक्यावर? माहेरच्या ग्रुपवर कसा टाकू? काढा!" त्यानं चरफडत काढला. सिताबाईंच्या भिंतीला पदराचा फोटो, सुनेच्या मोबाईलला बिनपदराचा. त्यापेक्षा शिलाई मशीन घेतली असती तर बरं झालं असतं!

तिसऱ्या दिवशी सिताबाई पुन्हा दारात. आता बिंग फुटलं, असं कुमारला वाटलं.

सिताबाईंनी रस्ता न्याहाळला आणि दार लोटून घेतलं. "दीपालीच्या मोबाईलमधला फोटो बघितला म्या. लई देखणी दिसती."

"मग भिंतीवरच्यातला पदर काढू, मावशी?"

"तिचा ऱ्हाऊ दे. माझा काढ. एकच कॉपी, माझ्यापुरती."

कुमारनं हसू दाबलं. "पण आत केस कसे हायेत, ते कॉम्प्युटरला कुठं ठावं? ते मनानं कायबी घालील."

सिताबाईंनी लोटलेल्या दाराकडं पुन्हा एकदा बघितलं. मग चाळीस वर्षांत चारचौघांत न ढळलेला डोईवरचा पदर त्यांनी आपल्या हातानं खांद्यावर सोडला आणि त्या कॉम्प्युटरसमोर ताठ बसल्या.

"बघून घे म्हणावं त्याला. नीट."