ध्रुवने चिकटवलेलं पुस्तक

तिसरा दिवस कुठून मोजायचा? माणूस गेला तो दिवस धरून, की त्याच्या दुसऱ्या दिवसापासून? की पुरला त्या दिवसापासून?

हे मी विचारलं होतं. चर्चचे पाळकसाहेब हातभर अंतरावर खुर्चीत बसले होते, हातात चहाचा कप होता. पण पुस्तकाचा आवाज कुणाच्या कानात जातो? हाच प्रश्न त्या घरातल्या सहा वर्षांच्या पोरानेही विचारला. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. उत्तर त्यालाही मिळालं नाही.

मी ईस्टरचं पुस्तक. सोळा पानं, मोठी अक्षरं, पानापानावर रंगीत चित्र. ‘ईस्टरचा सण का करतात?’ असं माझ्या कपाळावर लिहिलंय. मला फारसं काही येत नाही. येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला तिथून मी सुरू होतो आणि अंडी का रंगवतात ते सांगून संपतो. त्याच्या अलीकडचं मला विचारू नका. अलीकडचं सगळं माझ्या थोरल्या भावाला ठाऊक होतं.

थोरला म्हणजे नाताळचं पुस्तक. लोअर परळच्या एका गाळ्यात, एकाच दिवशी, एकाच यंत्रावर आम्ही छापले गेलो. तो सकाळी, मी जेवणाच्या सुट्टीनंतर. मग दोघांना मिळून पुठ्ठ्याचं एक खोकं चढवलं. दोघं दाटीवाटीने उभे राहतील एवढंच. एकाला बाहेर काढलं की दुसरा लगेच कलंडायचा.

दादरच्या एका चर्चच्या शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या मुलांच्या वर्गात, ओवी साळवे पाठांतरात पहिली आली. शांताटीचरनी आम्हाला तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “दोघं भाऊ आहेत गं. भांडू देऊ नकोस त्यांना.” ओवीने ते मनावर घेतलं. त्याला ती थोरला म्हणायची, मला धाकटा. तेव्हापासून मी ‘ते पुस्तक’ राहिलो नाही, ‘तो’ झालो.

ओवीचं घर परळला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. तिचे बाबा, मनमोहन, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या लिफ्ट सांभाळतात. आई मधुरा घरी साड्यांना फॉल-पिको करते. तेव्हा ओवी नऊ वर्षांची होती, तिचा भाऊ ध्रुव पाचाचा.

माणसांची एक सवय मी बघितली. डिसेंबर आला की सगळ्यांना थोरला हवा असायचा. करंज्या तळता तळता कुणीतरी त्याला चाळायचं. त्याच्या गव्हाणीतल्या गाईवर तेलाचा डाग पडला तो कायमचा. माझ्या वाटेला ईस्टरच्या आधीचा एक आठवडा. शेजारच्या रमाबाई तर माझं क्रुसाचं पान बघून म्हणायच्या, “अगो मधुरा, पोरांका असला रगात कित्याक दाखवतस?”

ओवी मात्र मला वर्षभर वाचायची. ध्रुवला मांडीत घेऊन, गाढवाचा आवाज काढून. कबरीवरच्या दगडाचं चित्र आलं की थांबायची.

“ढकल!”

ध्रुव दोन्ही तळवे लावून चित्रातला दगड ढकलायचा. ती पान उलटायची.

“सरकला!” तो ओरडायचा.

“किती दिवसांनी?”

“तीन!”

“तीन म्हणजे किती रे?”

“तीन म्हणजे लगेच.”

मग ओवीच्या रक्तात काहीतरी बिघडलं. इस्पितळ चालत जाण्याच्या अंतरावर होतं, पण एकदा गेली की महिना महिना घरी नसायची. शेवटच्या वेळी पिशवी भरताना मधुरा म्हणाली, “एकच घे गं, जागा नाही.” ओवीने थोरल्याला घेतलं. त्याच्या पहिल्या पानावरचा तारा सोनेरी कागदाचा आहे, वॉर्डातल्या ट्यूबलाइटखाली तो चमकतो म्हणाली.

मी खोक्यात कलंडलो. राग आला मला. मी त्याला म्हणालो, “जा. परत येऊच नकोस.”

हे माझं त्याच्याशी झालेलं शेवटचं बोलणं.

मंगळवारी ओवी गेली. बुधवारी तिला पेटीत घालून घरी आणली. खोली माणसांनी भरली, भजन सुरू झालं. फळीवरून मला तिचे हात दिसत होते. हाताखाली थोरला होता. मनमोहनने स्वतः ठेवला होता तो, तारा वरच्या बाजूला करून. मग चौघं झाकण घेऊन पुढे आले.

मला राहवलं नाही. मी उडी मारली. जमिनीवर आपटलो, पाठ दुमडली. कुणीतरी म्हणालं, “पंख्याने पडलं वाटतं,” आणि उचलून मला फ्रिजवर टाकलं. तोपर्यंत झाकण बसलं होतं. थोरला ओवीबरोबर शिवडीच्या कब्रस्तानात गेला. मातीखाली.

पण मला एक गोष्ट पक्की येत होती. माझ्यात तेवढंच तर आहे. मातीत ठेवलेला तिसऱ्या दिवशी बाहेर येतो. मी थोरल्याची वाट बघायला लागलो. मनात माफीचं वाक्य तयार करून ठेवलं.

ध्रुवही बोटं मोजत होता.

“मंगळ, बुध, गुरू. बाबा, म्हणजे ताई उद्या येणार. कडी लावू नका.”

“झोप बाळा,” मनमोहन म्हणाला.

गुरुवारी सकाळपासून पोरगा जिन्याच्या तोंडाशी बसला. रमाबाईंनी ताट आणलं. “जेवन घे रे झिला. भायर किती बसतलस?”

“ताई आली की जेवतो.”

दुपारी पाळकसाहेब आले. ध्रुव धावत आत आला आणि त्याने विचारलं, तिसरा दिवस कुठून मोजायचा, ती गेली तो दिवस धरायचा का. पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “मोठा झालास की कळेल तुला.”

“मी मोठा होईपर्यंत ती तिथेच थांबेल?”

पाळकसाहेबांनी मनमोहनकडे बघितलं. मनमोहनने पंख्याकडे. मधुरा उठून मोरीत भांडी घासायला बसली. भांडी आधीच घासलेली होती.

गुरुवार गेला. ध्रुवने बुधवारपासून मोजून बघितलं, शुक्रवार गेला. मग म्हणाला, येशू रविवारी आला होता ना, म्हणजे रविवारच लागत असेल. रविवारही गेला. संध्याकाळी त्याने स्टूल ओढलं, मला फ्रिजवरून काढलं आणि म्हणाला, “खोटारडा!”

शाळेच्या दप्तरातून त्याने डिंकाची बाटली आणली. रविवारपासून पुढची सगळी पानं एकमेकांना चिकटवली. सरकलेला दगड, देवदूत, आनंदाने धावणारी माणसं, रंगवलेली अंडी, सगळं आत. घट्ट बसावं म्हणून माझ्यावर बसून राहिला. मला हात असते तर मीही तेच केलं असतं. माझाही थोरला आला नव्हता.

मधुराने मला तसाच उचलला, खोक्यात घातला आणि लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून किल्ली फिरवली. उघडूनही बघितलं नाही.

आत डांबराच्या गोळ्यांचा वास. खाली ओवीचे फ्रॉक टांगलेले, बाजूला इस्पितळाच्या फायली. थोरल्याची जागा रिकामी, त्यात मी तिरका पडलेलो. दिवस कळायचा नाही. माझ्या पोटात रविवार चिकटून बसला होता आणि तोही मला काढता येत नव्हता. कबरीत काय वाटत असेल ते माझ्यात छापलेलं नाही. मला कपाटात कळलं.

पत्र्यातून आवाज मात्र यायचे. रोज कडीवरून भांडण.

“लावू नका ना! ती दार वाजवेल आणि आपण झोपलेलो असू.”

शाळेवरून भांडण. “मी शाळेत असताना आली तर?”

शाळेच्या व्हॅनचे काका खालून हाक मारून निघून जायचे. शिलाई मशीन चालायचं, मध्येच थांबायचं, परत चालायचं. नाताळचे करंज्यांचे दिवस गेले, वास आला नाही. ईस्टर गेला, मला कुणी काढलं नाही. एकदा मनमोहन ओरडला, “सात महिने झाले, ध्रुव! पुरे आता!” पुरे म्हणजे काय, ते त्या घरात कुणी त्याला सांगितलं नव्हतं. देवाघरी गेली, झोपली, वर आहे, एवढंच सांगत होते. ती येणार नाही हे एकानेही तोंडाने म्हटलं नव्हतं.

मे महिन्यात रमाबाईंची नात श्रेया गावाहून आली, दोनच फ्रॉक घेऊन. मधुराच म्हणाली, “ओवीचे देते ना मी.” दुपारी कपाट उघडलं. मला उजेड खुपला. तिने निळा फ्रॉक काढला आणि ध्रुव धावत आला.

“तो नको! ताई आल्यावर काय घालेल?”

“ध्रुव, सोड.”

“तूच सोड! आणि आता तो तिला होणारच नाही. मोठी झाली असेल ती. नवीन शिवून ठेव, आई. तुझ्याकडे मशीन आहे ना?”

मधुरा फ्रॉक धरूनच खाली बसली. मी विचार केला नाही. खोक्यासकट उडी मारली.

तिने मला उचललं. उघडलं. गाढव गेलं, शेवटचं जेवण गेलं, क्रुसाचा शुक्रवार गेला, दगड लागला. पुढे शनिवारचं पान आलं आणि त्याच्यापुढे चिकटून झालेला नुसता जाड पुठ्ठा.

ते पान कुणीच वाचत नाही. शांताटीचरसुद्धा नाही. ओवीही तिथे दोन पानं एकदम उलटायची. चित्रात बंद दाराची एक खोली आहे, आत चार-पाच माणसं भिंतीला टेकून बसलीत, बस. मधुरा पहिल्यांदाच ते वाचत होती, मोठ्याने, अडखळत.

“शनिवारी काहीच घडले नाही. येशूचे मित्र दार लावून बसून होते. आई मरियाही रडत होती. उद्या काय होणार हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते.”

“येशूच्या आईलापण माहीत नव्हतं?” ध्रुवने विचारलं.

“नसेल.”

“तुला माहीत आहे?”

मधुराने फ्रॉक मांडीवर पसरला. “नाही रे. पाळकसाहेब म्हणतात एक दिवस सगळे उठतील. मी मानते. पण तो दिवस कुठला, मला माहीत नाही. ओवी आता घरी येणार नाही, ध्रुव. उद्या नाही, परवाही नाही. तू शाळेत असशील तेव्हाही नाही. कडी लावली काय, न लावली काय, नाही येणार.”

“येशू तर लवकर आला.”

“हो ना.”

“मग हिलाच का नाही?”

“मलाही तेच विचारायचंय रे,” ती म्हणाली.

त्या दुपारनंतर मला कुणी उघडलेलं नाही. मी परत फळीवर आहे, अर्ध्या रिकाम्या खोक्यात, तिरका. श्रेया निळ्या फ्रॉकमध्ये गॅलरीतून पळत जाते, ते दिसतं. ध्रुव शाळेतून येऊन दप्तर भिरकावतो. माझी पानं अजून चिकटलेलीच आहेत. थोरल्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर एवढंच करा, शनिवार गाळू नका. आता त्या दुपारी मी काय केलं तेवढं सांगतो आणि गप्प बसतो.

ध्रुव नखाने माझी कड उकरायला लागला. “मीच चिकटवलंय, मीच काढतो. आपण रविवार बघू आई, थांब.” डिंक जुना झाला होता. एक कोपरा सुटलासुद्धा. आत पांढऱ्या कपड्यातला दूत ओरडायला टपून बसला होता, आणि त्याच्याहून जास्त मी. इतके महिने अंधारात मी तेवढंच घोकत होतो. पण मधुरा रडायला लागली होती. ओवी गेल्यापासून पहिल्यांदा, आवाज करून. आणि पोरगा तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

मी होता नव्हता तेवढा जोर लावून पानं आवळून धरली. त्याने ओढलं, पुन्हा ओढलं, दात लावून बघितलं. मी सोडलं नाही. शेवटी त्याने मला बाजूला सारलं आणि आईच्या मांडीत तोंड खुपसलं.