असिबीचं राखेचं मडकं

अतिपोकाने बोट फिरवलं आणि पत्र्यावरचा थर काजळासारखा बोटाला लागला. सलग एकतिसाव्यांदा. आई, असिबी, होती तोवर हाच थर इतका घट्ट बसायचा की खरवडूनही निघत नसे, आणि उत्तर घानातल्या बोंगो गावाच्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड तो शोषून घ्यायचा. त्यासाठी आम्ल लागत नव्हतं, विषारी काही लागत नव्हतं. शेवग्याच्या पाल्याचा काढा, चिमूटभर लोखंडाचा क्षार आणि सौर पॅनेलची मंद वीज, बस्स.

त्या पाण्याने गावाचे दात तपकिरी केले होते, आत्याचे गुडघे आखडले होते आणि आता सहा वर्षांच्या भाचीचे, तेनीचे, पाय वाकू लागले होते. हाडं कोवळी आहेत तोवर पाणी बदला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

काढा आई घरच्या मडक्यात उकळून द्यायची, कारण प्रयोगशाळेत गॅसचा कायमचा खडखडाट. अतिपोकाने वहीत पाला लिहिला, पाणी लिहिलं, वेळ लिहिली. मडकं लिहायचं काही तिला सुचलं नाही. आपल्या आईचं मडकं कोण वहीत लिहितं? आई गेल्यावर ती काचेच्या भांड्यात काढा करू लागली आणि सगळं बिनसलं. आज एकतिसावा पत्रा फेकताना तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याच मडक्यात आई वर्षानुवर्षं ज्वारीच्या ताटांची राख भिजवत आली होती. राखेत असतात तसे क्षार तर अतिपोकाने याआधीच सगळे घालून पाहिले होते, उपयोग शून्य. म्हणजे जे काही होतं ते मडक्याच्या अंगात मुरलेलं होतं.

आणि आज आईचा शेवटचा विधी होता. रीतीप्रमाणे आज तिची भांडी फोडली जाणार होती.

मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून ती घरी पोचली तेव्हा अंगणात भोपळ्याच्या तुंब्यांचा चुरा पडला होता. आत्या, लामिसी, काठीवर भार देऊन उभी होती. मडकं तिच्या पायाशी होतं.

अतिपोकाने तिचे पाय धरले. “आत्या, एवढं एक दे. तेनीच्या पायांसाठी मागतेय.”

“बाईची भांडी राहिली की बाई राहते,” आत्या म्हणाली. “तुझ्या आईला दारात ताटकळत ठेवू?”

अतिपोकाने पाण्याचं सांगितलं, थराचं सांगितलं, एकतीस पत्र्यांचं सांगितलं. बायका मान खाली घालून ऐकत राहिल्या. आत्याने डोळे पुसले आणि काठी हाणली.

मडक्याचे तुकडे झाले. अतिपोका गुडघ्यांवर बसून ते वेचू लागली. बायका दचकून मागे सरल्या.

“ठेव ते खाली,” आत्याने बजावलं. “तुझी आई इथेच अडकेल. आणि मग या घराचा उंबरा तुला बंद.”

“अडकू दे,” अतिपोका म्हणाली. “नातीचे पाय सरळ होईपर्यंत थांब म्हणावं. थांबेल ती.”

कुणी तिला अडवलं नाही, कुणी हाकही मारली नाही. तुकडे कापडात बांधून ती मोटारसायकलवर बसली. त्यांतून किती पत्रे निघतील, एक तरी निघेल का, तिला ठाऊक नव्हतं. गाठोडं छातीशी आवळून ती आईची माफी मागत राहिली. आईला सुखाने जाऊ न देता ती आता तिला काढ्यात उकळायला घेऊन चालली होती.